पॅरासायटॉलॉजीत एमव्हीएससी करू का? घरात कुणालाच पटत नाही

वेदगंगा

बीव्हीएससीची, म्हणजे पशुवैद्यकीय पदवीची, इंटर्नशिप संपायला तीन महिने उरलेत. गाव निपाणीजवळ. घरी चार म्हशी, दीड एकर ऊस, थोडी तंबाखू. एमव्हीएससीला, म्हणजे पदव्युत्तरला, विषय निवडायचाय आणि मला मनापासून पॅरासायटॉलॉजी, म्हणजे जनावरांच्या जंत-गोचिडांचं शास्त्र, घ्यायची आहे. बाबा म्हणतात सर्जरी घे, नाहीतर गायनिक घे, दारात चार माणसं येतील. आजी म्हणते, "एवढं शिकून शेण बघत बसणार व्हय गं?" वर्गातही तेच. ज्यांना दुसरं काही मिळत नाही ते या विषयाला जातात असं बोललं जातं.

मला हा विषय का धरून बसला ते सांगते. इंटर्नशिपमध्ये एक एचएफ (होल्स्टिन फ्रिजियन) गाय आली. १०६ ताप, खांद्यापुढची गाठ आंब्याच्या कोयीएवढी सुजलेली. गावात तिला तीन दिवस अँटिबायोटिक झालेलं, उतार नव्हता. आमच्या मॅडमनी गाठीत सुई घालून जेमतेम एक थेंब काचेवर घेतला, पसरला, जिम्सा रंग लावला आणि मला मायक्रोस्कोपवर बसवलं. मोठ्या पेशीच्या आत निळे पुंजके आणि त्यांत जांभळट ठिपके. पुस्तकात ज्यांना कॉखच्या निळ्या गाठी म्हणतात त्याच. थायलेरिया, गोचिडीतून येणारा परजीवी. त्यावरचं औषध बुपार्व्हाक्वोन दिलं आणि सहाव्या दिवशी गाय वैरण ओढायला लागली. त्या एका थेंबानं सगळं सांगितलं होतं, हे माझ्या डोक्यातून जाईना.

सीमाभागात राहून या विषयात काम मिळतं का? दिवसभर प्रयोगशाळेतच बसावं लागतं की गावात फिरायला मिळतं? कुणी यात आयुष्य काढलं असेल तर खरं काय ते सांगा.

चिकोडीचा डॉक्टर

ताई, मी अठरा वर्षं खाजगी प्रॅक्टिस करतोय, म्हणून तुमच्या बाबांची बाजू मांडतो. रात्री दोन वाजता म्हैस अडली की शेतकरी फोन करतो आणि पैसे देतो. शेण तपासायला कुणी पैसे देत नाही. शंभर रुपयांची तपासणी सांगितली तर म्हणतात, "डॉक्टर, त्यापेक्षा गोळीच द्या की." या भागात ऊस आणि दूध दोन्ही जोरात आहे, गायनिक केलेल्या माणसाला बसायला वेळ मिळत नाही.

पण तुम्ही थायलेरियाचं लिहिलंत म्हणून हेही सांगतो. संकरित गाई वाढल्या तसे गोचिडाचे आजार वाढले. लाल लघवी झाली की बबेसिया समजून इंजेक्शन देतो, ताप आणि गाठ दिसली की थायलेरिया धरून चालतो. निम्म्या वेळा अंदाजच. काच बघणारं माणूस तासाभराच्या अंतरावर असतं, तर मी काही गाई गमावल्या नसत्या. बुपार्व्हाक्वोन महागडं औषध, चुकीच्या जनावराला दिलं की शेतकऱ्याचे पैसे जातात आणि वेळही जातो. तेव्हा माणूस पाहिजे, यात वाद नाही. त्या माणसाचं पोट कसं भरणार, हा माझा प्रश्न आहे.

मलप्रभाकाठ

बाळ, तुझा प्रश्न काल रात्री वाचला, आज पहाटे लिहायला बसलो. मी खानापूर तालुक्यातला. आयुष्यभर हेच काम केलं, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली. लांबेल, सवडीनं वाच.

आमचं घर मलप्रभेच्या काठाला. भाताची शेती, दावणीला पाच-सहा म्हशी. लहानपणी दरवर्षी एक-दोन रेडकं हमखास मरायची. तीन-चार आठवड्यांचं रेडकू, पोट तट्ट, अंगावरचे केस उभे, शाडूसारखी पांढुरकी, घाण वासाची हगवण. मग एक दिवस सकाळी दावणीला आडवं. आई म्हणायची दृष्ट लागली. वडील म्हणायचे दूध जास्त पाजलं. मी सातवीत असताना अशाच एका मेलेल्या रेडकाच्या तोंडातून वीतभर लांबीचा, पांढरट, काचेसारखा जंत बाहेर आलेला बघितला. मी काडीनं तो उचलला. भीती वाटली नाही, नवल वाटलं. रेडकू अजून चरायला लागलं नव्हतं, मातीला तोंड लावलं नव्हतं. मग हे आत शिरलं कुठून?

उत्तर मिळायला दहा वर्षं गेली. बंगळूरला हेब्बाळच्या कॉलेजात शिकताना कळलं, त्याचं नाव टॉक्सोकारा व्हिट्युलोरम. त्याच्या अळ्या म्हशीच्या मांसात गप्प पडून राहतात. म्हैस व्याली की जाग्या होऊन दुधात उतरतात. आई जे पाजत होती त्यातूनच जंत जात होता. औषध म्हणजे साधं पायपरेझिन, तेव्हाही स्वस्त होतं. पण आमच्या गावात ते द्यायचे रेडकू हगायला लागल्यावर, म्हणजे जंत मोठे होऊन आतडं भरल्यावर. दहाव्या ते सोळाव्या दिवसात दिलं तर जंत अंडी घालण्याआधीच निघून जातात. रेडकू वाचतं, आणि गोठ्याची जमीनही अंड्यांनी भरत नाही. त्या वर्षी सुट्टीला आलो तेव्हा दोन म्हशी व्यालेल्या. मी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं रोज एक रेघ ओढली आणि दहा रेघा झाल्यावर दोन्ही रेडकांना औषध पाजलं. दोन्ही जगली. आई त्यानंतर मरेपर्यंत त्या भिंतीवर रेघा ओढत होती.

तुझ्या बाबांना हे सांग. औषध मेडिकलवाल्याकडंही मिळतं. कुठल्या दिवशी आणि कुठल्या जागी हात घालायचा, हे कळायला जंताचं आयुष्य पाठ असावं लागतं. तेच आपलं शास्त्र.

आता माझ्या हातून झालेली चूक सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय माझी नोकरी सांगून होणार नाही. नोकरीची पहिली दोन वर्षं झाली असतील. घटप्रभेच्या पट्ट्यातल्या एका गावातून मेंढ्यांच्या लेंड्या आल्या, म्हणजे लेंड्या कसल्या, नुसतं हिरवं पाणी. कळप मोठा, जबड्याखाली पाणी उतरलेलं, मेंढ्या उभ्या-उभ्या पडत होत्या. मी नमुना मिठाच्या दाट पाण्यात तरंगवून बघितला, तळाला बसवूनही बघितला. एक अंडं नाही. अहवालात लिहिलं, परजीवी आढळले नाहीत. चार दिवसांत अकरा मेंढ्या गेल्या. मेंढका म्हातारा होता, एक मेलेली मेंढी खांद्यावर घेऊन एसटीनं आला आणि माझ्या टेबलापुढं ठेवून म्हणाला, "साहेब, कागदात न्हाई म्हणताय, मग ह्येच्यात बघा." मी पोट उघडलं. पोटाच्या पुढचा आतड्याचा वीतभर तुकडा कात्रीनं उभा चिरला, तर आतल्या अस्तराला गुलाबी, बाजरीच्या दाण्याएवढे शेकडो कृमी चिकटलेले. नखानं ओढले तर निघत नव्हते. अँफिस्टोम नावाच्या कृमीची पिल्लं. ती वयात आलेलीच नव्हती, मग अंडी घालणार कुठून? मोठी होऊन कोठीपोटात गेली की फारसा त्रास देत नाहीत. मारतात ती पिल्लंच, आणि पिल्लं असताना शेण कोरं दिसतं.

हे मी परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. तरी टेबलावर आठवलं नाही. ऑक्सिक्लोझानाइड हे त्यावरचं औषध दोन-तीन दिवसांच्या अंतरानं दोनदा पाजलं, उरलेला कळप टिकला. त्या दिवसापासून मी एकही अहवाल जनावर कुठं चरतं, पाणी कुठं पितं हे विचारल्याशिवाय लिहिला नाही. तो कळप आटत चाललेल्या तळ्याच्या काठाला चरत होता, जिथं शंखगोगलगाई चिखलात गोळा होतात. तळ्याचं नाव आधी विचारलं असतं तर शेण बघायची गरजही नव्हती.

हे विचारायचं तर भाषा पाहिजे. मी मराठी शाळेत शिकलेला, हेब्बाळला गेलो तेव्हा कन्नड मोडकं-तोडकं. तिथं शिकलो, आणि नोकरीत त्याचं सोनं झालं. खानापूर, बेळगाव, निपाणीत मराठी चालते. बैलहोंगल, गोकाक, सौंदत्तीकडं म्हातारी बाई जनावराचं दुखणं कन्नडमध्येच सांगणार, आणि निम्मं निदान तिच्या सांगण्यात असतं. तू कन्नड चांगली करून घे.

कित्तूरकडचा एक प्रसंग त्यासाठीच सांगतो. एका शेतकऱ्याचा खिलारी बैल रात्री माणसासारखा घोरायचा. नाकातून शेंबूड, कधी रक्त. तो म्हणाला, नांगराला जुंपला की दम लागतो. टॉर्च लावून नाकपुडीत बघितलं, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी वाढ. शेंबूड कॉस्टिकच्या पाण्यात घालून कोमट केला, चोथा खाली बसवला, काचेवर घेतला. एक लांबट, वाकडं, टोकाला काटा असलेलं अंडं. बूमरँग म्हणतात ना, तसं. शिस्टोसोमा नेझेली. हा कृमी नाकाच्या रक्तवाहिनीत राहतो. १९३३ मध्ये मद्रासकडं राव यांनी तो वेगळी जात म्हणून नोंदवला, म्हणजे हा आपल्याच दक्षिणेतला शोध. म्हशीला होतो पण ती फारशी दाखवत नाही, बैल बिचारा घोरत राहतो. शंखगोगलगाईतून सुटलेल्या अळ्या पाण्यात उभ्या असलेल्या जनावराच्या कातडीतूनच आत शिरतात. मी त्या गावात लिथियम अँटिमनीची इंजेक्शनं दिलीच, पण बैलांना तळ्यात उतरवायचं बंद करून काठावर दगडी डोणी बांधायला लावली. दोन घरांनी बदकं पाळली, बदकं गोगलगाई खातात. पुढच्या वर्षी गेलो तर त्या गल्लीत घोरणं कमी होतं. हे सगळं प्रयोगशाळेत बसून झालं नाही, हे तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर समज.

अजून एक. बेळगावात तेव्हा टांगे होते. एका टांगेवाल्याचा घोडा ताप येऊन-जाऊन वाळला होता, पाय सुजले होते. कानाच्या शिरेतून थेंब घेतला, रंग न लावता तसाच काचेखाली धरला. तांबड्या पेशींची गर्दी, आणि त्यात एक वळवळणारा धागा पेशींना धक्के मारत चाललाय. आजार सर्रा, परजीवी ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी. ग्रिफिथ इव्हान्स नावाच्या लष्करी पशुवैद्यानं तो १८८० मध्ये डेरा इस्माइल खानला घोड्यांच्या आणि उंटांच्या रक्तात बघितला. रोगाचं कारण हाच, असं तो म्हणाला तेव्हा वरिष्ठांना पटलं नव्हतं. मी टांगेवाल्याला भिंगातून दाखवलं. तो बराच वेळ डोळा लावून उभा राहिला, मग घोड्याच्या मानेवर हात ठेवून म्हणाला, "एवढं सगळं आत घेऊन हा माझं पोट भरत होता." घोडा वाचला.

आता तिकडं भात लावणीची गडबड चालू आहे, उरलेलं संध्याकाळी लिहितो.

रायबागचा मेंढका

डॉक्टरसाहेबांचं वाचलं आणि राहवलं नाही. आमचा दख्खनी मेंढ्यांचा कळप, दोनशेच्या आसपास. पावसाळ्यानंतर कळप घेऊन बाहेर पडतो, मायाक्काच्या चिंचलीच्या जत्रेपर्यंत फिरतीवर. माझे आजोबा दहिवर वाळल्याशिवाय मेंढ्या सोडत नव्हते. "गवतावर पाणी हाय तवर तिथं जीव हाय" म्हणायचे. आम्हाला वाटायचं म्हाताऱ्याचं काहीतरी.

तीन वर्षांमागं मेंढ्या पांढऱ्या पडून मराय लागल्या. ना हगवण, ना ताप. मी दर महिन्याला एकच जंताचं औषध पाजत होतो, दुकानदार देईल ते. बाटलीवर बाटली. एक बाई आल्या होत्या, याच विषयातल्या. त्यांनी मेंढीची खालची पापणी ओढून दाखवली. तांबडी असली तर बरी, गुलाबी झाली तर लक्ष द्या, पांढरी झाली तर औषध. आफ्रिकेतनं आलेला पाच रंगांचा तक्ता हातात दिला. म्हणाल्या, सगळ्या कळपाला पाजू नका, पांढऱ्या पापणीच्याच मेंढीला पाजा. औषधानं न मरणारे जंत तुम्हीच पोसताय.

मला राग आला होता. पण त्यांनी लेंड्या घेतल्या, औषध पाजलं, चौदा दिवसांनी परत येऊन लेंड्या घेतल्या. अंडी जवळजवळ तेवढीच. औषध पाण्यासारखं झालं होतं. मग बदलून दिलं आणि कळप सावरला.

तेव्हा पोरी, शेण बघणारं माणूस पाहिजे का म्हणून आम्हाला विचार. त्या बाई सकाळी सहाला वाड्यावर आल्या होत्या, तुझ्या आजीला सांग.

वेदगंगा

काका, सगळ्या घराला मोठ्यानं वाचून दाखवलं. बाबा गप्प होते. आजी रेडकाच्या गोष्टीला "आमचीबी जायची तशीच" एवढं म्हणाली. आमच्या चार म्हशींपैकी एक परवा व्यालीय आणि मागच्या दोन्ही वेळेला तिची रेडकं गेली. शाडूसारखी हगवण, अगदी तुम्ही लिहिलंय तशीच. पाच वर्षं शिकून मला ते स्वतःच्या गोठ्यात दिसलं नाही, याचं फार वाईट वाटलं.

नोकरीचं आणि चिकोडीच्या डॉक्टरांनी विचारलेलं पोट भरण्याचं तेवढं सांगाल का? आणि मेंढका अण्णा म्हणतात तो पापणीचा तक्ता आम्ही कॉलेजात एकदाच बघितला.

मलप्रभाकाठ

वाईट वाटून घेऊ नको. मला तर अकरा मेंढ्या लागल्या.

आधी मेंढका अण्णांच्या आजोबांविषयी. ते बरोबर होते. हिमॉन्कस या रक्त पिणाऱ्या जंताच्या अळ्या दहिवराच्या ओलाव्यानं गवताच्या पात्यावर चढतात, ऊन झालं की खाली उतरतात. एक जंत दिवसाला साधारण ०.०५ मिली रक्त घेतो. ऐकायला काही नाही, पण मेंढीच्या पोटात पाच हजार असले तर रोजचं पाव लिटर झालं. म्हणून ती हगवण न लागता पांढरी पडते. पापणीचा तक्ता दक्षिण आफ्रिकेतल्या फाफा मलान यांच्या नावावरून ओळखला जातो, फामाचा म्हणतात. अण्णांनी चौदा दिवसांनी परत तपासणीचं सांगितलं ते नीट लक्षात ठेव. औषध चालतं की नाही, हे सांगणारी ती खात्रीची वाट आहे.

आता पोटाचं. चिकोडीचे डॉक्टर म्हणतात ते खरं आहे, या विषयावर खाजगी दवाखाना चालत नाही. मला घर चालवायला पगारच होता, आणि तो पुरला. एमव्हीएससीनंतर राज्याच्या पशुसंवर्धन खात्यात पशुवैद्यकीय अधिकारी, तिथून रोगनिदान प्रयोगशाळा. बिदरच्या विद्यापीठाच्या किंवा महाराष्ट्रात शिरवळ, परभणी, उदगीर, मुंबईच्या कॉलेजात शिकवणं, त्यासाठी नेट परीक्षा लागेल आणि पुढं पीएचडी. संशोधनात जायचं असेल तर बरेलीजवळची इज्जतनगरची आयव्हीआरआय, म्हणजे भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था. ती संस्था मुळात १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली, मग मुक्तेश्वरला गेली. तिथंच जी. डी. भालेराव या आपल्या मराठी माणसानं भारतातल्या पाळीव जनावरांच्या जंतांची मोठी मोजदाद केली, १९३५ ला छापून आली. माझ्या टेबलावर तिची झिजलेली प्रत कायम असायची. बंगळूरला निवेदी ही संस्था आहे, रोगांच्या साथींचा अभ्यास तिथं होतो. औषध कंपन्याही घेतात.

आजीला आणखी एक सांग. विल्यम कॅम्पबेल नावाचे आयर्लंडचे गृहस्थ, जनावरांच्या जंतांचे अभ्यासक. अमेरिकेत मर्क कंपनीत १९५७ ते १९९० नोकरी. जपानच्या सातोशी ओमुरांनी मातीतून काढलेल्या एका जिवाणूपासून या लोकांनी आयव्हरमेक्टिन काढलं. आधी जनावरांसाठी, मग कॅम्पबेल यांनी धरून लावलं की माणसाच्या नदीकाठच्या अंधत्वावर हे चालेल. १९८७ पासून कंपनीनं ते त्या रोगासाठी फुकट दिलं. २०१५ चं वैद्यकाचं नोबेल त्यांना आणि ओमुरांना मिळालं, अर्धं बक्षीस दोघांत. शेण बघणाऱ्या माणसानं लाखोंची दृष्टी वाचवली. गंमत म्हणजे ते जंतांची चित्रंही काढायचे, रंगीत.

शेवटी आपल्या भागाचं, कारण मला वाटतं तुझ्या पिढीचं मोठं काम इथंच आहे. क्यासनूर हे शिमोग्याच्या सोरब तालुक्यातलं जंगल. १९५७ मध्ये तिथं माकडं मरायला लागली, मागोमाग माणसं तापानं पडली, म्हणून त्याला माकडताप म्हणतात. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्रानं विषाणू शोधला. तो पसरवते हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा नावाची गोचीड. पुढं तो ताप २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत, २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्गला पोचला. आमच्या खानापूरची माणसं काजूच्या हंगामात तिकडं मजुरीला जातात, ती माकडताप घेऊन आली. माझ्या ओळखीच्या घरातला एक मुलगा महिनाभर झोपून होता.

आता यात पशुवैद्याचं काय, असं लोक विचारतात. गोचिडीची पिल्लं माणसाला आणि माकडाला चावतात, नोव्हेंबर-डिसेंबरपासून मेपर्यंत. पण वयात आलेली गोचीड पावसाळ्यात गाई-म्हशींवर पोसते. जंगलात चरणाऱ्या जनावरांमुळं गोचिडी वाढतात. म्हणजे पावसाळ्यात गोठ्यात जे केलं किंवा नाही केलं, त्याचा परिणाम उन्हाळ्यात काजूच्या बागेत दिसतो. हा सांधा जोडायला दोन्हीकडचं कळणारं माणूस लागतं. मी निवृत्तीआधी जांबोटीच्या जंगलात पांढरं फ्लॅनेल जमिनीवरून ओढत चालायचो. पन्नास पावलांनी कापड उलटून बघायचं. त्यावर खसखशीच्या दाण्याएवढी पिल्लं चालत असतात. चिमट्यानं एकेक उचलून कुपीत. कमरेचं पार मोडतं. माझ्याबरोबर धनगरवाड्यावरची एक शाळकरी मुलगी यायची, तिची नजर माझ्यापेक्षा तयार होती. म्हणून मुलीचं कसं होईल, ही काळजी मी तरी करणार नाही. गमबूट, लांब मोजे, परत आल्यावर अंग तपासून आंघोळ. हे मुलाला आणि मुलीला सारखंच.

आणि तुझ्या म्हशीचं. रेडकाचं वजन करून घे, अंदाजानं देऊ नको. घरात तराजू नसला तर सोसायटीचा मागून आण. दहाव्या दिवशी औषध, आणि त्याच दिवशी शेण गुदद्वारातून हातमोज्यानं घे, जमिनीवरचं नको. डबी काठोकाठ भर, आत हवा राहू नये. त्याच दिवशी बघणार असशील तर थंड जागी ठेव, उशीर होणार असेल तर दहा टक्के फॉर्मॅलिन घाल. डबीवर तारीख आणि म्हशीचं नाव. दहाव्या दिवशी शेणात अंडी सापडणार नाहीत, नसतातच. महिन्यानं परत घे, तेव्हाही सापडली नाहीत तर तुझं औषध वेळेवर पोचलं.

चिकोडीचा डॉक्टर

सरांना नमस्कार. माझं पहिलं म्हणणं मी मागं घेत नाही, पण ताई, एमव्हीएससी करून या भागात परत आलात तर माझ्या काचा तुमच्याकडं येतील आणि तपासणीचे पैसे मी शेतकऱ्याला समजावून देईन. आजूबाजूचे चार-पाच डॉक्टर तरी तयार होतील. तेवढ्यावर प्रयोगशाळा चालणार नाही, पण सुरुवात होईल.

वेदगंगा

अर्ज भरताना पहिला पर्याय पॅरासायटॉलॉजीच टाकते. बाबा म्हणाले, भर.

म्हैस सोमवारी व्याली, म्हणजे आज रेडकाचा तिसरा दिवस. दहावा दिवस पुढच्या बुधवारी येतो. गोठ्याची भिंत आमची सिमेंटची आहे, तरी आजीनं चुलीतला कोळसा आणून तीन रेघा ओढल्यात.